फ्रेंच रिव्हिएराची एका दिवसाची गाइडेड टूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीस, मोनॅको, कान, आँतिब, सँ-त्रोपे ही दक्षिण फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरची नावं ऐकली की प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाइडेड डे ट्रिप म्हणजे नेमकं काय मिळतं?

सकाळी आठ-साडेआठला नीसमधून गाडी निघते, दोन ते पाच ठिकाणं दाखवते आणि संध्याकाळी पाच-सहापर्यंत परत सोडते. गाडी, चालक आणि वाटेतली माहिती किमतीत धरलेली असते. जेवण, संग्रहालयांची आणि कॅसिनोची तिकिटं, एझ या डोंगरावरच्या गावातलं उद्यान हे बहुतेक वेळा त्यात नसतं. अर्ध्या दिवसाच्या टूरही असतात, चार ते पाच तासांच्या. त्यांत साधारण एझ आणि मोनॅको होतं.

एक फरक लक्षात ठेवा. ‘ड्रायव्हर-गाइड’ गाडी चालवता चालवता माहिती देतो आणि गावात तुम्हाला मोकळं सोडतो. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत गटाला माहिती सांगत फिरवायला व्यावसायिक कार्डधारक गाइड लागतो. त्याला तिथे ‘गीद-काँफेराँसिए’ म्हणतात. तुम्हाला गावातून बरोबर चालत माहिती सांगणारा माणूस हवा असेल तर बुकिंगआधी नेमका हाच शब्द विचारा.

२. मुक्काम नीसलाच करावा का?

पहिल्यांदा जात असाल तर होय. विमानतळ तिथे, किनाऱ्यावरची रेल्वे तिथून दोन्ही दिशांना जाते आणि बहुतेक टूर तिथूनच निघतात. कानमध्ये राहिलात तर सँ-त्रोपे थोडं जवळ पडतं, पण टूरचे पर्याय कमी होतात.

नीसच्या जुन्या भागात हॉटेल घेतलं असेल तर गाडी दारात येणार नाही, कारण त्या गल्ल्या पादचाऱ्यांसाठी आहेत. अशा वेळी ठरलेल्या ठिकाणी चालत जावं लागतं आणि गाडी पाच-दहा मिनिटांपलीकडे थांबत नाही.

३. ‘एका दिवसात सहा गावं’ अशी टूर घ्यावी का?

आमचं मत: घेऊ नये. का, ते हिशेबानेच पाहा.

नऊ तासांची टूर धरा. नीस ते एझ सुमारे अर्धा तास. एझ ते मोनॅको वीस-पंचवीस मिनिटं. मोनॅको ते कान ए-८ महामार्गाने तासभर, कधी जास्त. कान ते आँतिब अर्धा तास, तिथून सँ-पॉल-द-व्हाँस आणखी अर्धा तास, आणि परत नीस चाळीस मिनिटं. सगळ्यांना हॉटेलातून उचलायला अर्धा तास जातोच. म्हणजे चारेक तास गाडीत गेले. उरलेल्या पाचांतला एक जेवणाचा. राहिलेले चार तास नीस सोडून पाच ठिकाणांत वाटले की प्रत्येकी पाऊण तास. त्यातही गाडी गावाबाहेर उभी राहते, तिथून आत जायला आणि परतायला दहा-दहा मिनिटं. हाती उरतात पंचवीस-तीस मिनिटं: एक फोटो, एक स्वच्छतागृह आणि ‘चला चला’.

म्हणून जाहिरातीत गावं किती आहेत ते मोजू नका. प्रत्येक गावात पाय किती वेळ जमिनीवर असतील ते विचारा. दोन गावं आणि मधला घाटरस्ता, फार तर तीन गावं, एवढ्यात दिवस चांगला भरतो. ‘पॅनोरॅमिक स्टॉप’ असा शब्द असेल तर गाडी वळणावर थांबते आणि गाव लांबून दिसतं, एवढाच त्याचा अर्थ.

४. सगळीकडे ट्रेन जाते म्हणतात. मग टूर कशासाठी?

सगळीकडे जात नाही, पण बरीच जाते. टीईआर नावाच्या प्रादेशिक गाड्यांनी नीसहून मोनॅको वीस-पंचवीस मिनिटं, आँतिब साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, कान अर्धा ते पाऊण तास. ही तीन गावं ट्रेननेच करावीत. स्टेशनं गावातच आहेत आणि गाडीला पार्किंग शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. मोनॅको आणि इटालीच्या सीमेलगतच्या माँतोंकडे ६०७ क्रमांकाची बसही किनाऱ्याने जाते. हीच पूर्वीची १०० नंबरची बस. जुन्या लेखांत तो आकडा दिसला तर गोंधळू नका. भाडं दोन-तीन युरोंच्या घरात, मात्र उन्हाळ्यात उभं राहण्याची तयारी ठेवा.

टूरचे पैसे वसूल होतात ते तीन ठिकाणी. एक, नीस आणि मोनॅकोमधले कॉर्निश रस्ते. डोंगरउतारावर एकावर एक असे तीन रस्ते आहेत: खालचा, मधला आणि वरचा. ट्रेन तळाशी, बोगद्यांतून जाते. वरून दिसणारा समुद्र तिच्यातून दिसत नाही. दोन, एझ. ‘एझ-सुर-मेर’ हे स्टेशन समुद्राच्या पातळीवर आहे आणि गाव ४०० मीटरहून उंचावर. मधली पायवाट चढायला तास-दीड तास लागतो. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव तिला दिलेलं आहे. नीसहून वरच्या गावात जाणारी ८२ नंबरची बस आहे, पण तिच्या फेऱ्या कमी. तीन, सँ-त्रोपे (प्रश्न ८).

जाता जाता: नीसहून मोनॅकोकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, कानकडे जाताना डाव्या. ट्रेन असो, बस असो की व्हॅन, जागा त्याप्रमाणे धरा.

५. लहान व्हॅन घ्यावी की मोठी बस? आणि व्हॅनमध्ये नेहमी आठच माणसं का?

युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालकासह नऊ आसनांपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून आठ प्रवासी. नवव्याला मोठ्या गाडीचा परवाना असलेला चालक आणि वेगळे नियम लागतात. तुमचा कुटुंबकबिला नऊ-दहांचा असेल तर दोन व्हॅन किंवा मिनीबस. एखाद्याला मांडीवर घेऊन ‘अ‍ॅडजस्ट’ करणं तिथे चालत नाही.

या प्रदेशात व्हॅनच बरी. मोठी बस स्वस्त पडते, पण अरुंद वळणांवर ती जिथे तिथे थांबू शकत नाही. मोनॅकोत बस थेट जुन्या गावाच्या खडकाखालच्या वाहनतळात जाते. तिथून लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांनी समुद्रशास्त्र संग्रहालयापाशी वर येता येतं, आणि पन्नास जण वर येईपर्यंत वेळ जातो.

६. मोनॅको वेगळा देश आहे. वेगळा व्हिसा लागतो का? माझा व्हिसा सिंगल एंट्री आहे.

वेगळा व्हिसा लागत नाही. मोनॅको युरोपीय संघात नाही, पण फ्रान्समधून तिथे जाताना सीमेवर तपासणी नसते आणि फ्रान्समध्ये चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर (अनेक युरोपीय देशांचा समाईक व्हिसा) जाता येतं. मोनॅकोत जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं असं धरलं जात नाही, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसा संपत नाही. चलनही युरोच.

तरीही मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. कॅसिनोत ओळखपत्र लागतं (प्रश्न ७), करपरताव्यासाठी दुकानदार पासपोर्ट मागतो (प्रश्न १५), आणि इटालीच्या बाजूने परतताना फ्रेंच पोलीस तपासणी करतात (प्रश्न १६). मोनॅकोचा शिक्का हौसेने पासपोर्टमध्ये मारून घेऊ नका; हवाच असेल तर वहीच्या पानावर घ्या.

फोनची गोष्ट मात्र वेगळी. युरोपीय संघासाठीच्या काही रोमिंग पॅकमध्ये मोनॅको येत नाही आणि तिथलं नेटवर्क पकडलं की वेगळे पैसे कापले जातात. पॅकच्या देशांच्या यादीत मोनॅकोचं नाव नसेल तर तिथे डेटा बंद ठेवा.

७. माँटे कार्लोच्या कॅसिनोत टूरमधून आत जाता येतं का? कपडे कसे हवेत?

बाहेरचं दालन बघायला अडचण नसते. पुढच्या खोल्यांसाठी तिकीट आहे आणि त्याचे दोन प्रकार. सकाळी खेळ बंद असताना वास्तू बघता येते, तेव्हा मुलांनाही प्रवेश असतो. दुपारी २ नंतर खेळ सुरू होतो. मग वय १८ पूर्ण आणि मूळ ओळखपत्र हवंच. फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. गंमत अशी की खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे.

दिवसा नीटनेटके कपडे पुरतात. चपला, बीचवरची हाफपँट, खेळाचे कपडे यांवर दारातच अडवतात. संध्याकाळी पुरुषांनी जॅकेट घातलेलं बरं. अर्धी चड्डी घालून टूरला निघालेल्यांची निराशा इथेच होते, आणि ती टूरवाल्याची चूक नसते. रस्त्यावरही नियम आहे: समुद्रकिनारा सोडून मोनॅकोत उघड्या अंगाने, पोहण्याच्या कपड्यांत किंवा अनवाणी फिरायला मनाई आहे.

राजवाड्यासमोरची पहाऱ्याची अदलाबदल रोज ११.५५ ला होते. ती बघायची असेल तर टूर साडेअकराला वरच्या चौकात पोचते का, ते विचारा. ‘आधी एझ, मग मोनॅको’ या क्रमात ती पुष्कळदा हुकते. शिवाय मोनॅकोत हजारो लोक रोज फ्रान्समधून कामाला येतात. संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडणारे रस्ते तुंबतात, त्यामुळे चारला निघणारी टूर आणि पाचला निघणारी टूर यांच्या परतीत फार मोठा फरक पडतो.

८. सँ-त्रोपे एका दिवसात जमतं का?

जमतं, पण दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवा. तिथे रेल्वे नाही; जवळचं सोयीचं स्टेशन सँ-राफाएल, तिथून पुढे बस किंवा हंगामात बोट. नीसपासून रस्त्याने अंतर शंभरेक किलोमीटर आहे. महामार्ग झपाट्याने संपतो आणि खरी कसोटी शेवटच्या टप्प्याची. ल म्युईला महामार्ग सोडला की सँत-माक्सीमवरून आखाताला वळसा घालत एकच रस्ता जातो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन तासांचे तीन होणं नेहमीचं.

बोटीचा पर्याय उन्हाळ्यात नीसच्या बंदरातून असतो, एका बाजूला सुमारे अडीच तास. रस्त्यावरची कोंडी टळते, किनारा दिसतो. पण जोराचा वारा असला तर फेरी रद्द होते, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नाही.

वार पाहून जा. प्लास दे लीस या चौकातला बाजार मंगळवारी आणि शनिवारी सकाळी भरतो आणि दुपारी आवरतो. बाजार हवा तर हेच वार. गर्दी नको तर हेच टाळा. पाँपलोन हा प्रसिद्ध किनारा गावात नाही. तो शेजारच्या रामात्युएलच्या हद्दीत, काही किलोमीटर लांब आहे. तीन तासांच्या मोकळ्या वेळेत गाव आणि तो किनारा दोन्ही होत नाहीत. वाटेत पोर्ट ग्रिमो दाखवणार असतील तर आनंदाने बघा, पण ते १९६० च्या दशकात कालवे खोदून वसवलेलं गाव आहे. ‘प्राचीन कोळीवाडा’ म्हणून कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

९. कान आणि आँतिबला किती वेळ पुरतो?

कानला दीड तास. क्रोआझेत या समुद्राकाठच्या रस्त्यावरून सपाट चाल, चित्रपट महोत्सवाच्या वास्तूच्या पायऱ्या, आणि जुन्या ल स्युके टेकडीवर जाऊन वरून बंदर. पायऱ्यांवर लाल गालिचा नेहमी असेल असं समजू नका. अर्धा दिवस हाताशी असेल तर बोटीने पंधरा-वीस मिनिटांवरच्या सँत-मार्गरीत बेटावर जा. १६८७ पासून ‘लोखंडी मुखवट्याचा कैदी’ ज्या किल्ल्यात ठेवला होता तो तिथे आहे, आणि पाइनची सावलीही.

आँतिबला दोन तास द्या. सकाळी जा, कारण झाकलेला बाजार दुपारी आवरतो. पोर्ट व्होबाँ या बंदरात अवाढव्य यॉट्स उभ्या असतात. पिकासोने १९४६ मध्ये जिथे काम केलं त्या ग्रिमाल्दी वाड्यात त्याचं संग्रहालय आहे, सोमवारी बंद. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर आम्ही आँतिब निवडू.

१०. परफ्यूमच्या कारखान्यात का नेतात?

एझमध्ये फ्रागोनार आणि गालिमार या, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रास गावाच्या परंपरेतल्या दोन कंपन्यांची केंद्रं आहेत. बघणं फुकट, शेवटी दुकान. भेट वीस-तीस मिनिटांची असते आणि वाईट नसते. पण ती एझच्या वेळेतून कापली जाते की वेगळी धरलेली आहे, ते विचारा. नको असेल तर चालकाला आधीच सांगा. तेवढा वेळ गावात फिरता येतं. विमानाने पुढे फक्त हातातल्या सामानासह जाणार असाल तर १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली घेऊ नका.

११. शाकाहारी आहोत. काय खायचं?

सगळ्यात खात्रीचा पदार्थ नीसचा सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, वरून मिरी. मोठ्या तांब्याच्या तव्यावर भट्टीत भाजलेला. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा चुलतभाऊच. कांदा-लसूण नसल्याने जैन मंडळींनाही चालतो. मोनॅकोतल्या काँदामीन बाजारात बार्बाजुआँ मिळतात: पालेभाजी आणि चीज भरून तळलेल्या छोट्या करंज्या. त्यात अंडं असू शकतं, विचारा.

फसवणारे पदार्थ जास्त आहेत. पिसालादिएर हा कांद्याचा पाव दिसायला निरुपद्रवी, पण त्यावर अँचोव्ही मासे. पाँ बान्या आणि नीसचं सॅलड यांत ट्यूना किंवा अँचोव्ही आणि अंडं. ‘फार्सी’ म्हणजे भरल्या भाज्या, पण सारण मांसाचं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नका. ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा.

वेळ पाळा. स्वयंपाकघरं साधारण १२ ते २ चालतात आणि अडीचला जेवण मागितलं तर कॉफीवर भागवावं लागतं. टूर एझहून उशिरा निघाली की नेमकं हेच होतं, म्हणून सकाळी नीसमध्येच काहीतरी बांधून घ्या. पिण्याचं पाणी जेवणाबरोबर फुकट मिळतं. ‘काराफ द’ओ’ मागा, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.

१२. कधी जावं आणि कधी टाळावं?

मेचा सुरुवातीचा भाग आणि सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे उत्तम. टाळण्याचे दिवस हे: मे महिन्यातला कानचा चित्रपट महोत्सव, कारण क्रोआझेतचे बरेच भाग बंद असतात. मोनॅकोची ग्राँ प्री ही मोटारींची शर्यत, जी २०२६ पासून मेऐवजी जूनच्या सुरुवातीला आहे. शर्यतीचे तीन-चार दिवस तर सोडाच. त्याआधीचे कित्येक आठवडे बंदराभोवती प्रेक्षकांचे मांडव आणि जाळ्या उभ्या राहतात आणि समुद्र झाकला जातो. ज्यांना ३.३३७ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवरून गाडीने जायची हौस आहे त्यांना मात्र हे मांडव आवडतात. एरवी तो साधा शहरातला रस्ता असतो.

हिवाळ्यात ऊन छान असतं, भाव उतरतात, पण सँ-त्रोपेतली बरीच दुकानं बंद. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल आणि माँतोंचा लिंबू महोत्सव एकाच सुमारास असतात.

१३. टूरमध्ये समुद्रात पोहता येईल का?

वेळापत्रकात लिहिलं नसेल तर नाही. ओले कपडे घेऊन व्हॅनमध्ये बसू देत नाहीत. पोहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतः ट्रेनने जा. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, पाण्यात घालायचे बूट लागतात, कानचा वाळूचा. खुर्च्या-छत्र्या मांडलेला भाग खासगी कंपनीकडे असला तरी पाण्याच्या कडेने चालायला कुणी अडवू शकत नाही.

१४. लहान मुलं आणि गुडघेदुखीचे ज्येष्ठ बरोबर आहेत. काय बघावं?

फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला व्हॅनमध्ये त्याच्या मापाची सीट लागते. बुकिंग करतानाच वय, वजन आणि उंची कळवा. आयत्या वेळी सीट नसेल तर चालक मुलाला नेण्यास नकार देऊ शकतो.

ज्येष्ठांसाठी अवघड गाव म्हणजे एझ. वाहनतळापासून वरच्या उद्यानापर्यंत चढ आणि गुळगुळीत दगडी पायऱ्या आहेत, व्हीलचेअर जात नाही. ते खाली कॅफेत बसणार असतील तर तिथे वेळ कमी आणि मोनॅकोत जास्त ठेवा. मोनॅको डोंगराळ असलं तरी सार्वजनिक लिफ्ट जागोजागी आहेत आणि फुकट. गाडी लागणाऱ्यांनी कॉर्निशवर पुढची जागा मागून घ्यावी.

१५. खरेदीवरचा कर परत मिळतो का? मोनॅकोतल्या खरेदीवरही?

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षांवरील प्रवाशाला एकाच दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदीवर मिळतो. दुकानातच फॉर्म मागा. नंतर देत नाहीत. मोनॅको करांच्या बाबतीत फ्रान्सशी जोडलेलं आहे, त्यामुळे तिथेही हेच चालतं. नीसहून थेट युरोपबाहेर जाणार असाल तर विमानतळावरच्या पाब्लो यंत्रावर फॉर्म स्कॅन करा. पुढे रोमला जाऊन तिथून मायदेशी निघणार असाल तर शिक्का रोमला घ्यायचा, नीसला नाही. वस्तू असलेली बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी हे करा, कारण अधिकारी ती दाखवा म्हणू शकतो.

१६. इटालीच्या बाजाराची टूर कशी असते?

वेंतिमिल्याचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, म्हणून ही टूर शुक्रवारीच असते. बहुधा माँतों जोडलेलं. इटाली शेंगेनमध्ये आहे, व्हिसा तोच. पण परतताना फ्रान्सच्या हद्दीत, विशेषतः ट्रेनमध्ये माँतों-गाराव्हाँ स्टेशनावर, पासपोर्ट तपासले जातात.

तिथे मोठ्या ब्रँडच्या नकली पर्स विकणारे असतात. घेऊ नका. इटालीत आणि फ्रान्समध्ये विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो आणि वस्तू जप्त होते. ‘स्वतःसाठी एकच घेतली’ हे कारण चालत नाही.

१७. आम्ही क्रूझने येणार. बाहेरची टूर घेतली तर चालेल?

चालेल, पण जहाज कुठे थांबणार ते आधी पाहा. नीसशेजारच्या व्हिलफ्रांशला मोठी जहाजं खाडीत नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. त्या रांगेत तास जाऊ शकतो. टूरची सुरुवात जहाज पोचण्याच्या वेळेनंतर दीड-दोन तासांनी ठेवा आणि शेवटच्या बोटीआधी दीड तास परत या. अशा दिवशी एझ आणि मोनॅको पुरे. सँ-त्रोपेचा विचार सोडा.

१८. बुकिंग रद्द केलं तर? युरोपात १४ दिवसांत पैसे परत मिळतात ना?

नाही, हा मोठा गैरसमज आहे. ऑनलाइन खरेदीवरचा १४ दिवसांचा हक्क ठरावीक तारखेच्या पर्यटन-मनोरंजन सेवांना लागू नाही. तुम्हाला मिळतं ते कंपनीच्या अटीत लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी २४ तास आधीपर्यंत पूर्ण परतावा असतो, खासगी गाडीला मुदत जास्त.

अटींत ‘किमान प्रवासी’ हा शब्द शोधा. तेवढे लोक झाले नाहीत तर टूर आदल्या दिवशी रद्द होऊ शकते. हिवाळ्यात दोघांच्या बुकिंगला हे बऱ्याचदा होतं. पैसे परत येतात, दिवस येत नाही. म्हणून टूर मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत ठेवा, शेवटच्या दिवशी नको. नुसत्या पावसाने टूर रद्द होत नाही.

१९. टिप द्यायची का?

फ्रान्समध्ये रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क धरलेलंच असतं, तिथे सुटे ठेवले तरी पुरे. गाइडला सक्ती नाही. काम आवडलं तर पूर्ण दिवसाचे माणशी पाच ते दहा युरो रोख, उतरताना, थेट हातात.